अर्धवट मॉडेलांची सभा
(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत विषय छापला आहे, 'छंद मंडळ कसे चालवावे'. त्यात घटना, वर्गणी, नोंदणी, खजिनदार हे सगळं येतं. पण गणेशोत्सवाच्या किंवा सोसायटीच्या कमिटीवर कधीच नव्हता, असा माणूस या सभागृहात सापडणार नाही. (हशा) तेव्हा ते सोडून देतो. विमानं, रणगाडे, जहाजं प्रमाणात लहान करून बांधायची म्हणजे काय, हेही तुम्ही जाणता. १:७२ म्हणजे सहा फुटांचा माणूस एक इंचाचा, एवढं ध्यानात असलं की पुरे.

मला आज एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. स्केल मॉडेलिंग मंडळाच्या मासिक बैठकीत पूर्ण झालेलं मॉडेल आणू नये. अर्धवट असेल तेच आणावं.

बैठका कशा होतात, ते आठवून पाहा. कुणीतरी काचेच्या पेटीतून स्पिटफायर आणतो. सगळे वाकून बघतात, 'वा' म्हणतात, मोबाइलवर फोटो काढतात, मग चहा येतो. त्या मॉडेलाबद्दल विचारण्यासारखं काही उरलेलंच नसतं. नवा मुलगा कोपऱ्यात उभा असतो आणि मनात म्हणतो, हे आपल्याला जमायचं नाही. पुढच्या महिन्यात तो येत नाही. मंडळं अशी ओसरतात.

आमच्या मंडळानं एकदा सामूहिक उपक्रम ठरवला. सगळ्यांनी एकच विमान करायचं, सी हॉक, आपल्या 'विक्रांत' या विमानवाहू नौकेवरचं. १९७१च्या डिसेंबरात 'व्हाइट टायगर्स' स्क्वाड्रननं कॉक्स बझारवर ज्यानं हल्ले चढवले, तेच. पंखांचा विस्तार ३९ फूट, म्हणजे आमच्या टेबलावर साडेसहा इंच. कॉलेजातला एक मुलगा धडाचे दोन्ही भाग कोरडेच जुळवून, रबर लावून घेऊन आला होता. चिकटवायचे बाकी होते. आमच्यातल्या एका निवृत्त फिटरकाकांनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "बाळा, नाकात शिसं घातलंस का?" त्यानं घातलं नव्हतं. या विमानाला पुढे नाकाखाली एक चाक आणि मागे दोन. नाकात वजन नसेल तर मॉडेल शेपटीवर बसतं. गळाला लावायच्या शिशाचे तुकडे त्याच टेबलावर निघाले, नाकात बसले, धड बंद झालं. तेच विमान रंगवून, चिन्हं लावून आलं असतं, तर काकांचा प्रश्न काय कामाचा होता?

असं ज्ञान किटच्या पत्रकात छापलेलं नसतं. पारदर्शक छत सुपरग्लूनं चिकटवलं तर त्याच्या वाफेनं काच धुरकटते, तिथे साधा फेविकॉल लावावा. चिन्हांचे डिकल खडबडीत मॅट रंगावर बसवले तर खाली हवा अडकते आणि चंदेरी झाक दिसते. आधी चकचकीत थर द्यावा, मग डिकल. आणि आपल्याकडचा जुलै! दमट हवेत लॅकर फवारला की रंगावर पांढुरकी साय धरते. मुलगा समजतो, रंग खराब निघाला. बैठकीत जाणता माणूस सांगतो, उघडीप मिळेपर्यंत थांब, नाहीतर थिनरमध्ये थोडा रिटार्डर घाल. म्हणून पावसाळ्यातल्या बैठका फवारणीच्या ठेवूच नयेत. घासकाम ठेवावं, पुट्टीचं, डिकलचं ठेवावं. वर्षाचं वेळापत्रक हवामान बघून आखावं.

बैठकीची रीत सोपी आहे. टेबलावर वर्तमानपत्रं पसरायची. प्रत्येकानं आपलं काम मध्ये ठेवायचं आणि एकच गोष्ट सांगायची, मी कुठे अडलो आहे. त्यानंतर हात चालू. हिशेब, ठराव, पुढची तारीख हे सगळं शेवटी, उभ्याउभ्यानं.

आता अर्धवट कामच आणावं या मताला आधार काय, असं कुणी विचारील. अमेरिकेत केंब्रिजला एमआयटी आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी १९४६ साली 'टेक मॉडेल रेलरोड क्लब' काढला. इमारत क्रमांक २० मध्ये त्यांची खोली होती. ही इमारत महायुद्धाच्या घाईत उभारलेली, तात्पुरती, लाकडी, पण १९९८ पर्यंत उभी राहिली. खोलीभर टेबल, त्यावर गावं, डोंगर, झाडं, रूळ. काही मुलं ब्रश घेऊन वरचं जग रंगवायची. काही टेबलाखाली शिरायची. तिथे टेलिफोन एक्स्चेंजमधले रिले, स्विच, तारांचं जंगल होतं. कुठली गाडी कुठल्या रुळावर जाईल, ते खालून ठरायचं. या खालच्या मंडळींची 'सिग्नल्स अँड पॉवर' नावाची उपसमिती होती. स्टीव्हन लेव्हीनं १९८४च्या 'हॅकर्स' या पुस्तकात नोंदवलंय की तिथे खोलीची स्वतःची किल्ली मिळवायला टेबलावर ४० तास काम करावं लागे. शिफारसपत्र चालत नसे. काम! (टाळ्या) ते टेबल 'झालं' असं त्यांना कधी वाटलंच नाही. सतत उसवायचं, नवं जोडायचं. आणि त्यातलीच मुलं पुढे रात्री-अपरात्री टीएक्स-० या संगणकापुढे बसू लागली. १९६२ साली पीडीपी-१ वर 'स्पेसवॉर' हा खेळ झाला. तो ज्यानं प्रामुख्यानं लिहिला, तो स्टीव्ह रसेल याच क्लबचा. खेळण्यातल्या आगगाडीखाली ओणवं बसलेल्या मुलांनी संगणकाच्या इतिहासात जागा मिळवली. तेव्हा 'मोठी माणसं खेळणी काय खेळतात' असं कुणी म्हणालं, की त्याला हा पत्ता द्या.

पुण्यात कोथरूडला असलेलं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय तुम्ही पाहिलेलंच असेल, त्याबद्दल वेगळं बोलत नाही. पुन्हा गेलात तर फक्त गाड्या बघून परतू नका. हे सारं चालतं कसं, ते विचारा.

पुढच्या रांगेत माझे काही मित्र हाताची घडी घालून बसलेत. त्यांच्या कपाटांत करंडक आहेत. (हशा) त्यांच्या कसबाबद्दल मला आदर आहे आणि मी प्रदर्शनाच्या विरोधात नाही. वर्षातून एकदा दणक्यात प्रदर्शन करा, पूर्ण झालेली मॉडेलं त्या दिवशी मांडा, शाळांना बोलवा. स्पर्धाही घ्या. पण पहिला-दुसरा-तिसरा न करता ठरलेल्या कसाला उतरतील त्या सगळ्यांना पदक द्या. रणगाड्यांच्या मॉडेलकारांची 'एएमपीएस' ही संघटना याच पद्धतीनं परीक्षण करते. माझा आक्षेप आहे तो बारा महिने स्पर्धेसाठी जगणाऱ्या मंडळावर. तिथे माणूस आपली युक्ती शेजाऱ्यापासून लपवू लागतो.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं आहे. पाच मिनिटं? बरं, तीन.

दिवाळीचा किल्ला घ्या. वाड्यातली पोरं माती आणायची, विटा रचायची, पोत्यावर चिखल थापायची, हळीव पेरायची. दरवाज्यापेक्षा मावळा उंच असायचा, प्रमाण पार चुकलेलं, पण बुरूज कुठे घ्यायचा यावर अख्खी आळी भांडायची. महाराष्ट्राला मॉडेलिंग क्लब बाहेरून आणावा लागला नाही, तो दरवर्षी चार दिवस अंगणात भरत होता. आता बाजारात प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात. विकत आणलेल्या किल्ल्याभोवती पोरं जमत नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं.

बाकीचं भरभर सांगतो. थिनर वापरताना खिडक्या उघड्या, तोंडावर वाफ अडवणारा मास्क. लहान मुलांच्या हाती ब्लेड नको, कानस द्या. नव्या माणसाला महागडं किट घ्यायला लावू नका, जुन्यानं आपल्या साठ्यातलं द्यावं आणि शेजारी बसावं. मुलींना 'बघायला ये' म्हणू नका, कामाला बसवा.

आणि तुमच्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर एखादा खोका आहे. त्यात एक पंख लावलेलं, दुसरा हरवलेलं विमान आहे. तो खोका खाली काढा, धूळ पुसू नका, आणि पुढच्या बैठकीला आहे तसा घेऊन या.