होडीला मशीन बसवताना



आम्ही मालवणकडचे. कर्लीची खाडी देवबागजवळ समुद्राला मिळते. त्या खाडीत आमच्या वडिलांनी जन्मभर वल्ही मारली. त्यांची जुनी होडी आम्हां तिघा भावांकडे आली. 18 फूट लांब. पुढून निमुळती, मागूनही निमुळती. वल्ह्यांना आणि शिडाला अशी होडी फार चांगली. पण वडिलांचे खांदे गेले, तसे आमचेही दुखू लागले. तेव्हा ठरवलं, होडीला मशीन बसवायचं.

हे मशीन होडीच्या बाहेर, मागे लटकते. त्याला आउटबोर्ड म्हणतात. वर इंजिन, खाली लांब पाय, पायाला पंखा. पंखा पाणी मागे लोटतो, होडी पुढे जाते. दांडा फिरवला की सगळे मशीनच वळते, म्हणून वेगळे सुकाणू लागत नाही. अमेरिकेत ओले एव्हिनरूड नावाचा कारागीर होता. त्याने 1909 साली असली मशीने विकायला सुरुवात केली. सांगतात की एकदा तो भर उन्हात वल्ही मारत तळ्यापलीकडून आइस्क्रीम घेऊन आला, तर ते वाटेतच वितळले. खरे खोटे त्याला ठाऊक. पण तो वल्ही मारून दमलेला माणूस होता, एवढे आम्हाला पटते.

आता आमच्या होडीकडे वळू. निमुळत्या टोकाला मशीन धरायला जागा नसते. काहीजण बाजूला लाकडी चौकट बांधतात. पण मग मशीन एका अंगाला राहते, आणि होडी तिरकी ओढते. आम्ही सुताराकडून मागचे टोक कापून घेतले. तिथे 2 इंच जाडीची सागवानी फळी उभी बसवली. मशीन 40 किलोच्या आसपास. ते नुसते लटकत नाही, सगळी होडी ढकलते. तो सारा जोर त्या एका फळीवर येतो. म्हणून आतून वाकाची लाकडे लावली. फळी तळाशी आणि दोन्ही बाजूंशी बोल्टांनी आवळली. इथे खिळ्यांवर भागवू नका. सांध्यांत कापूस आणि राळ भरली. इथवर काम छान झाले.

सुताराने विचारलं, "फळी किती उंच ठेवू?"

आम्ही म्हणालो, "ठेव चांगली उंच. मागून लाट आत यायला नको."

त्याने 20 इंच ठेवली. आमचे मशीन होते आखूड पायाचे. ते 15 इंच उंचीच्या फळीसाठी असते. लांब पायाचे असते, ते 20 इंचांसाठी. मशीनबरोबर पुस्तक आले होते. त्यात चित्र होते, चित्राशेजारी आकडा होता. पुस्तक पिशवीतच राहिले. थोरल्या दोघांना वाचता येत नव्हते. धाकट्याला येत होते, पण त्याला आम्ही विचारलेच नाही. थोरलेपण आडवे आले, दुसरे काय!

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. पहाटे निघालो. ओहोटी लागली होती. खाडीत पाणी शांत. आम्ही तिघे मागेच बसलो होतो, त्यामुळे मागची बाजू दबली होती आणि पंखा कसाबसा पाण्यात होता. होडी पळू लागली. आम्ही खूश. मुखाशी आलो आणि लाटा लागल्या. लाटेने मागची बाजू उचलली की पंखा पाण्याबाहेर! मशीन किंचाळायचं, होडी जागची हलायची नाही. पाणी मात्र आम्हाला बाहेर ओढत होतं. समोर वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत होत्या.

थोरला ओरडला, "वल्ही खंय?"

वल्ही घरी होती. मशीन आलं, आता वल्ही कशाला, म्हणून पडवीत ठेवून आलो होतो.

धाकट्याने नांगर टाकला. तो घसरला. दोरी आणखी सोडली तेव्हा कुठे धरला. पाणी फिरेपर्यंत तिथेच बसून राहिलो. मग आमचे चुलते वल्ह्यांच्या होडीतून आले आणि दोरी टाकून आम्हाला ओढून नेले. वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत. किनाऱ्याला लागल्यावर त्यांनी होडीच्या तळाला काठी लावली, ती मागे मशीनच्या पायापर्यंत नेली आणि आम्हाला दाखवली.

तुम्हीही हेच करा. पंख्याच्या जरा वर पायाला एक आडवी, सपाट पाटी असते. ती तळाच्या रेषेत हवी, किंवा इंचभर खाली. फार वर असली तर पंखा हवा घेतो. थंड करणारे पाणी मिळाले नाही तर मशीन तापते. फार खाली असली तर ओझे वाढते, तेल फुकट जळते. आम्ही फळी मधोमध 5 इंच कापली. लाटेची भीती होतीच. म्हणून आत दुसरी आडवी फळी घालून हौदासारखा कप्पा केला. पाणी आले तर कप्प्यात येते आणि भोकांतून बाहेर जाते. तळाचे जाड लाकूड पंख्यासमोर पाणी घुसळत होते. त्याचे मागचे टोक तासून निमुळते केले.

मग होडी पाण्यात घालून पाहिली. चालताना पाय सरळ उभा हवा. तो होडीकडे फार झुकला तर नाळ पाण्यात घुसते. फार बाहेर गेला तर नाळ वर उचलते. पिन बदलून हे जुळवता येते. जाळी आणि तेलाची टाकी आम्ही पुढे नेली. आता मागे एकच माणूस बसतो. मशीनचे स्क्रू रोज आवळतो. शिवाय मशीन दोरीने होडीला बांधलेले असते. स्क्रू सुटला तरी ते तळाशी जात नाही. बंद करायच्या बटणाची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला असते. माणूस पडला तर मशीन थांबते.

आमच्या मशीनला 10 लिटर पेट्रोलमध्ये 200 मिली तेल लागते. तुमच्या मशीनचा आकडा तुमच्या पुस्तकात पाहा. मशीन चालू झाले की मागून पाण्याची बारीक धार पडते. ती थांबली तर मशीन लगेच बंद करा. बहुधा प्लास्टिकची पिशवी अडकलेली असते. घरी आल्यावर मशीन गोड्या पाण्यात थोडा वेळ चालवतो, नाहीतर मीठ आत बसते.

मशीन लावल्यावर होडीचे कागद मत्स्य खात्याकडे नव्याने करावे लागतात. 1 जून ते 31 जुलैची पावसाळी बंदी वल्ह्यांच्या होडीला नसते, मशीनच्या होडीला असते. त्या दोन महिन्यांच्या कमाईचा हिशेब मशीन घेण्याआधी करा. आम्ही तो नंतर केला.

आमची होडी बाहेर वाळूवर आहे. वल्ही आतच आहेत. चला, काठी लावून दाखवतो. भरती यायला अजून अवकाश आहे.