शिकाऊ म्हणजे कामगार नव्हे

(युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या पत्रिकेत माझ्या नावापुढं 'कवी' असं छापलंय. त्याबद्दल आभार. पण मी आज कविता म्हणणार नाही. गेल्या काही वर्षांत माझ्या नावाला तीन शब्द चिकटले. पहिला 'शिकाऊ', दुसरा 'कवी', तिसरा 'कंत्राटी'. पहिल्या दोघांनी पोट भरत नाही, तिसऱ्यानं अर्धंच भरतं. मी बोलणार आहे ते पहिल्या शब्दावर. कारण समोर बसलेल्यांतली निम्मी पोरं आज ना उद्या कुठल्या तरी कारखान्याच्या गेटावर शिकाऊ म्हणून उभी राहणार आहेत.

मी दहावी पास. पुढं शिकवायची घरची ऐपत नव्हती. २०२२ साली एका जहाज-दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर म्हणून उमेदवारीला लागलो. कारखान्याचं नाव सांगत नाही. दोष त्या एकट्या कारखान्याचा असता तर भाषण करायची गरज नव्हती, गेटावर जाऊन शिव्या घातल्या असत्या.

पहिले काही महिने हातात फक्त कानस. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा आणि घासायचा. मग गुण्या लावून उजेडाकडं धरायचा. गुण्या आणि लोखंडाच्या मधून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा घासायचा. तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. मला ते काम आवडलं, हे आधीच सांगतो. मी रडगाणं गायला आलेलो नाही. आमचे उस्ताद मन लावून शिकवायचे. आडनाव विचारणारेही होते, ते तुम्हाला नवीन नाही, त्यावर वेळ घालवत नाही.

दुसऱ्या वर्षी शिकणं कमी झालं आणि काम वाढलं. जुनी कायम माणसं रिटायर होत होती, त्यांच्या जागा भरत नव्हते. जहाज सुटायची घाई असली की पंप उघडायचा आम्ही, बेअरिंग काढायचं आम्ही, वॉल्व्ह घासून बसवायचा आम्ही. शेजारी उभा असलेला कायम फिटर जे करायचा तेच आम्ही करायचो. त्याला मिळायचा पगार. आम्हाला मिळायचं विद्यावेतन. २०१९ च्या नियमांत दहावी पास उमेदवाराला महिन्याला किमान ६००० रुपये ठरले होते, तेच माझ्या हातात पडायचे. खोलीचं भाडं, खानावळ आणि लोकलचा पास यांत ते जायचे. घरी पाठवायचे तेव्हा मी रात्री जेवायचो नाही. घरी वाटायचं पोरगं कमावतंय.

एकदा मी युनियनच्या ऑफिसात गेलो. ओव्हरटाइमचं विचारलं. तिथल्या माणसानं मला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाला, "बाळा, तू आमच्यात येत नाहीस. तू शिकाऊ आहेस."

मी कायदा वाचला. कवितेची वही बाजूला ठेवून वाचला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कोण याची व्याख्या होती, आणि तिच्यात शिकाऊ माणूस धरलेला होता. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा वेगळा कायदा आला. त्याचं १८ वं कलम सांगतं की उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, आणि कामगारांचे कायदे त्याला लागू नाहीत. सुरक्षिततेचे नियम लागू आहेत, अपघात झाला तर भरपाई आहे, हेही त्याच कायद्यात आहे, खोटं कशाला बोला. पण बाकी काही नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनं तर कामगाराच्या व्याख्येतच लिहून टाकलं : शिकाऊ सोडून.

म्हणजे हात कामगाराचे, घाम कामगाराचा, तुटलं तर बोट कामगाराचं. नाव तेवढं कामगाराचं नाही.

२०२४ च्या एप्रिलात उमेदवारी संपली. परीक्षा दिली, पास झालो. हेल्मेट जमा केलं, गेटपास जमा केला. आमच्या बॅचमधल्या एकालाही ठेवून घेतलं नाही. गेटावरच्या वॉचमननं रोजच्यासारखी बॅग तपासली. आत पाना नव्हता, डबा होता. मी बाहेर आलो आणि माझ्या लक्षात आलं की उद्या सकाळी मला कुठंच जायचं नाही.

तेव्हा मी गावी गेलो.

आमचं गाव महाड तालुक्यात. मे महिना म्हणजे चाकरमानी यायचा महिना. मुंबईची माणसं बॅगा घेऊन उतरतात, वाडीत बैठका होतात, मुंबई मंडळ आणि गावचं मंडळ वर्गणीवरून भांडतं, पुन्हा एकत्र जेवतं. बौद्धवाडीच्या वळणावर बाबा उभे होते. त्यांनी माझ्या हातातली बॅग घेतली. बापानं पोराची बॅग घेणं म्हणजे काय ते तुम्हाला कळतं. रस्त्यावर भेटेल त्याला ते सांगत होते, "सुट्टीला आलाय. कंपनीत असतो."

घरी आईनं विचारलं, "लागलास ना रे परमनंट?"

मी म्हणालो, "हो."

मी हे खोटं का बोललो याचा पुष्कळ विचार केलाय. त्या क्षणी एवढंच कळत होतं की आईनं मासे आणलेत, तांदळाची भाकरी थापलीय, आणि ते ताट माझ्या परमनंट असण्याचं आहे. खरं बोललो तर ताट तेच राहील, पण आईचा चेहरा राहणार नाही.

पहिले आठ दिवस मी सुट्टी घालवली. म्हणजे नाटक केलं. दुपारी आंब्याखाली पडायचो. लोक विचारायचे, "किती दिवसांची रजा?" मी म्हणायचो, "महिन्याची." दोस्तांनो, रजा ही नोकरीची असते. ज्याला परत जायला जागा नाही त्याची सुट्टी ही सुट्टी नसते, ती बेकारी असते. फक्त घरचे तिला प्रेमानं सुट्टी म्हणतात. मला रात्री झोप यायची नाही.

लोकसभेचं मतदान नुकतंच आटोपलं होतं. विहिरी तळाला गेल्या होत्या आणि नेमका गावच्या पाणी योजनेचा पंप बंद पडला. वरच्या आळीचे तात्या सकाळी आमच्या वाडीत आले. पाणी समितीचं तेच बघायचे. बाबांना म्हणाले, "तुझा पोरगा कंपनीत फिटर ना? बघू दे की त्याला. महाडचा मिस्त्री दोन दिवस येत नाही म्हणतो."

मी गेलो. बाबा सोबत आले, हातात पान्यांची पिशवी. मोटार आणि पंप यांच्यामधली कपलिंग बघितली. रबराचे बुश झिजून भुगा झालेले. नवे घातले असते तरी महिन्यात पुन्हा गेले असते, कारण मोटार आणि पंप एका रेषेत नव्हते. मोटारीच्या पायाखाली पत्र्याच्या पट्ट्या कापून घातल्या, सरळ पट्टी लावून चारी बाजूंनी बघितलं, पुन्हा पट्ट्या बदलल्या. कानस धरून दोन वर्षं जे शिकलो ते तिथं कामी आलं. बाबा बाजूला उभं राहून बघत होते. त्यांनी मला काम करताना पहिल्यांदा बघितलं. दुपारी बुश आले, बसवले, बटण दाबलं. पंप आवाज न करता चालला. पाणी टाकीत पडल्याचा आवाज आला तेव्हा तिथं उभ्या असलेल्या बाया हसल्या.

तात्यांनी माझ्या हातात नारळ ठेवला. म्हणाले, "गावाचं काम केलंस. आपलाच पोरगा तू."

मी नारळाकडं बघितलं. माझा पणजा या गावात महारकी करायचा. सरकारी सांगावे न्यायचा, मेलेली ढोरं ओढायचा, दवंडी द्यायचा. त्यालाही मजुरी नव्हती. त्याला बलुतं होतं, तेही मागून मागून. त्यालाही कुणी कामगार म्हणत नव्हतं. ते काम वतनाचं, मग मजुरी कसली? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्याविरुद्ध बिल आणलं. कायद्यानं ती वतनं जायला १९५८ उजाडलं. आणि मी २०२४ साली हातात नारळ घेऊन उभा.

मी म्हणालो, "तात्या, आठशे रुपये झाले."

ते हसले. म्हणाले, "अरे, तू परमनंट माणूस. सुट्टीवर आलायस. गावाकडून पैसे घेतोस होय?"

आता बघा कात्री. मजुरी मागायची तर खरं सांगायला पाहिजे. खोटं जपायचं तर फुकट राबायला पाहिजे. बाबा दोन हातांवर उभे.

मी म्हणालो, "मी परमनंट नाही. मी कुठंच कामाला नाही. उमेदवारी संपली, त्यांनी घेतलं नाही. आठशे रुपये द्या."

कुणी बोललं नाही. पंपाचा आवाज तेवढा चालू. संध्याकाळी तात्यांनी पाचशे पाठवून दिले.

बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आई रडली, पण जेवायला वाढलं तसंच वाढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी सदरा घातला, चपला घातल्या. मी विचारलं, कुठं? म्हणाले, "आठशे सांगितलेस ना तू? मग तीनशे राहिले." आणि ते वरच्या आळीकडं चालू लागले. आणले त्यांनी. आयुष्यभर गवंड्याच्या हाताखाली राबलेला माणूस, त्यानं कधी स्वतःची राहिलेली मजुरी मागितलेली मला आठवत नाही. माझी मागून आणली.

माझी सुट्टी त्या दिवशी सुरू झाली म्हणा. उरलेले दिवस मी शांत झोपलो.

परत आलो आणि गोदीत कंत्राटदाराकडं लागलो. माल उतरवायचा, लोखंडाच्या कॉइल बांधायच्या, सोडायच्या. या गोदीचा इतिहास तुम्हाला सांगायला हवा. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज फुटलं. पोटात कापूस आणि स्फोटकं एकत्र भरलेली. आपण जयंतीचे झेंडे लावतो त्याच तारखेला देशभर अग्निशमन दिन पाळतात तो त्यामुळं. आगीत गेलेल्या साठाहून अधिक जवानांचा मान होतो, व्हायलाच पाहिजे. पण त्या दिवशी एकूण माणसं किती मेली? आजही आकडा एका ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी दुसरा. रोजंदारीवर टोळीवाल्यानं सकाळी गेटावरून उचललेला मजूर कुठल्या मस्टरवर असणार? मस्टरवर नाव नसलं की माणूस मेल्यावरही धड मोजला जात नाही. १९४८ साली गोदी कामगारांच्या नोंदणीचा कायदा झाला, तो गोदीतल्या माणसांनी झगडून केला. आज मी पुन्हा गेटावर उभा आहे आणि टोळीवाल्याला कंत्राटदार म्हणतात.

कुणी म्हणेल, उमेदवारीत आपल्याला राखीव जागा आहेत. आहेत. १९७३ साली शिकाऊ कायद्यात दुरुस्ती होऊन अनुसूचित जाती-जमातींना जागा राखून ठेवल्या. पण त्या शिकायच्या जागा आहेत, नोकरीच्या नाहीत. १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी आपल्या पोरांसाठी तंत्रशिक्षण मागितलं. ते कशासाठी? गिरणीच्या विणखात्यात आपल्याला शिरू देत नव्हते, कारण तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि आपलं तोंड विटाळाचं. चांगला पगार त्याच खात्यात होता. हुनर आपल्या हाती यावं आणि हुनराचा दाम मिळावा, यासाठी ती मागणी होती. आज हुनर देतात आणि दाम द्यायच्या दिवशी गेट लावून घेतात.

तर उमेदवारीला जाऊ नका असं मी सांगणार नाही. जा. हात शिकवून घ्या, तो कुणी जमा करून घेऊ शकत नाही. पण डोळे उघडे ठेवून जा. पूर्वी २२ व्या कलमात लिहिलेलं होतं की नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. २०१४ च्या दुरुस्तीनं मालकानं भरतीचं स्वतःचं धोरण ठरवायचं असं आलं. मग पहिल्या दिवशी ते धोरण लेखी मागा. १९९५ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की बाकी सगळं सारखं असेल तर तयार झालेल्या शिकाऊ उमेदवाराला नव्या माणसाच्या आधी घ्यावं. हे अर्जात लिहा. रोज कुठलं काम केलं त्याची वही ठेवा, तारीख आणि मशीनसकट. मी कविता लिहीत बसलो, ही वही ठेवली नाही, त्याचा आज पस्तावा होतो. बॅचमधल्या सगळ्यांचे पत्ते घ्या. गेटाबाहेर पडल्यावर एकेकटे गावाला पळू नका. आम्ही तेच केलं. सगळे आपापल्या गावी आंब्याखाली पडून परमनंट असल्याचं नाटक करत होतो, हे मला नंतर कळलं.

आणि घरी खरं सांगा. आपल्या खोट्याचा फायदा आईला होत नाही, मालकाला होतो. आपण लाजेनं गप्प बसतो म्हणून त्याचं नाव स्वच्छ राहतं.

पुढच्या रविवारी याच जागी आमच्या बॅचमधले जे सापडले ते जमणार आहेत. ज्यांची उमेदवारी चालू आहे त्यांनी यावं, ज्यांची संपली त्यांनी तर यावंच. येताना प्रमाणपत्र घेऊन या. यादी करायची आहे. आपलं मस्टर आपणच लिहायला घेऊ.

जय भीम.