पिन नवी आणि बुश जुना, असं चालत नाही

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं भाषण. ज्या ताई सभेला येऊ शकल्या नाहीत त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे.)



आज हिशोबाच्या आधी मी दहा मिनिटं मागून घेतली आहेत. विषय आपल्या औजार बँकेतल्या जुन्या जेसीबीचा आहे. मागच्या सभेत तो विकून टाकावा असं मीच सुचवलं होतं. ते म्हणणं आज मी मागे घेते आहे. का, ते सांगते.

जेसीबी हे खरं तर कंपनीचं नाव. ही कंपनी १९७९ पासून हरियाणातल्या बल्लभगडला मशीन बनवते. या मशीनचं नाव बॅकहो लोडर. पुढे माती भरायचं मोठं बकेट, मागे खोदायचा लांब हात. आपण ते जुनं घेतलं, शेततळी आणि चर खोदायला. त्याच्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. पावसाळ्यानंतर मागचा हात खडखडायला लागला, चर वाकडा जायला लागला. मेकॅनिकने कागदावर एकच ओळ लिहून दिली: सगळे जोड गेले, १ लाख ८० हजार. मी घाबरले. लगेच भंगाराचा भाव विचारून आले.

तेव्हा अध्यक्षताई म्हणाल्या, "अगं, तुझे आजोबा लालबागला गिरणीत फिटर होते ना? मग भंगारवाल्याच्या आधी त्यांना विचार की."

खरं सांगते, मला लाज वाटली. समाजकार्याची पदवी घेतली, तुम्हाला ठराव आणि इतिवृत्त शिकवते, पण घरातल्या माणसाला विचारायचं सुचलं नाही.

मग बकेटजवळच्या दोन पिना आणि त्यांचे बुश काढून घेतले, गोणपाटात गुंडाळले आणि अध्यक्षताई, कोषाध्यक्षताई आणि मी अशा तिघी निघालो. दादरला उतरलो, तिथून लालबाग. ते ओझं घेऊन चाळीचे तीन जिने चढताना ताईंनी मला किती शिव्या घातल्या ते इथे सांगत नाही.

मुंबईत कापड गिरणीची पहिली कंपनी १८५४ साली ताडदेवला निघाली. पुढे लालबाग-परळ गिरण्यांनीच भरून गेलं. त्या गिरण्यांत जुनी जुनी यंत्रं वर्षानुवर्षं चालायची, आणि ती चालती ठेवणं हेच फिटरचं काम. आजोबा म्हणतात, "माझ्या खात्यातलं मशीन झिजून कधी बंद पडलं नाही. बंद पडलं ते संपात, १८ जानेवारी १९८२ ला."

त्यांनी ट्रंकेतून व्हर्नियर काढला. पट्टीसारखा असतो, पण मिलिमीटरचाही बारीक भाग मोजतो. पिनेचं टोक मोजलं, मग मधला भाग मोजला. टोक सहसा झिजत नाही, म्हणून दोन्हींतला फरक म्हणजे झीज. एक पिन जेमतेम झिजली होती. दुसरी टोकाला ४५ मिलिमीटर आणि मधे ४३. तिचा बुश आडवा मोजला, मग उभा मोजला. आकडे वेगळे आले, म्हणजे भोक गोल राहिलं नव्हतं, लांबट झालं होतं.

मग त्यांनी विचारलं, "ग्रीस कोण भरतं?"

आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. शेवटी कोषाध्यक्षताई म्हणाल्या, "बाबा, आमच्या वहीत डिझेल आहे, तास आहेत, ड्रायव्हरचा पगार आहे, हप्ता आहे. ग्रीसचा रकानाच नाही."

ताईंनो, आपलं मशीन झिजलं ते इथे. सगळा दोष ड्रायव्हरचा नाही. आपण विचारलं नाही, म्हणून त्याने केलं नाही.

पिन म्हणजे दोन लोखंडी हात जोडणारा जाड खिळा. बुश म्हणजे पिनेभोवतीचं नळकांडं. ते मुद्दामच बदलता येईल असं बसवलेलं असतं, म्हणजे झीज त्याने सोसावी आणि मोठा हात वाचावा. ग्रीस नसलं की आत माती शिरते आणि लोखंड घासत राहतं. आधी बुश जातो. तरी तसंच चालवलं की ज्या भोकात बुश बसतो ते भोकच मोठं होतं. मग वेल्डिंगने भरायचं, पुन्हा गोल कापून घ्यायचं, आणि तो खर्च मोठा.

अध्यक्षताईंना हे लगेच कळलं. म्हणाल्या, "जात्याचा खुंटा सैल झाला की आपण पाचर मारतो. नाही मारली आणि तसंच दळत राहिलो, तर भोक मोठं होतं, मग पाचरही राहत नाही. तसंच ना?" आजोबा म्हणाले, "अगदी तसंच. मला चाळीस वर्षांत इतकं सोपं सांगता आलं नाही."

दुसऱ्या दिवशी नागदेवी स्ट्रीटला गेलो. बेअरिंग, पट्टे, ऑइल सील, पंप, सगळी गल्ली त्याचीच. एका दुकानात विचारलं, "साहेब कुठे आहेत?" अध्यक्षताईंनी पिन काउंटरवर ठेवली आणि माप सांगितलं. पुढे साहेबांची चौकशी झाली नाही. निघताना त्याच दुकानदाराने एक चांगली गोष्ट सांगितली: नवी पिन जुन्या बुशात घालू नका, लांबट भोकात ती लवकर झिजेल. जोडीनेच बदला.

तरी आम्ही त्या दिवशी फक्त भाव घेतले, माल घेतला नाही, कारण बाकीचे जोड मोजायचे राहिले होते. गावी येऊन आजोबांच्या व्हर्नियरने हाताचे पाचही मुख्य जोड मोजले. दोन चांगले आहेत, नुसतं ग्रीस हवं. दोघांना पिन आणि बुश. एका जोडाचं भोकच लांबट झालंय, तिथे वेल्डिंग आणि कापकाम. शिवाय एका सिलिंडरमधून तेल गळतंय, त्याचं सील. सगळं मिळून अंदाज ६२ हजार. मशीन नवं होणार नाही. पण इंजिन आणि पंप ठीक आहेत, म्हणून दुरुस्ती करावी असं माझं मत झालंय. तेही गेलं असतं तर विका असंच म्हणाले असते.

आता चार गोष्टी प्रत्येकीने लक्षात ठेवायच्या.

१. जोड तपासताना बकेट जमिनीवर टेकवायचं, इंजिन बंद, चावी काढून आपल्या हातात. उचललेल्या हाताखाली कुणीही जायचं नाही. मग पहारीने जोड हलवून बघायचा. पिनेभोवती फट हलताना दिसली, तर मोजायची वेळ आली.

२. तेलाचा पाइप गळतोय का, हे हात लावून बघायचं नाही. तेलाचा दाब इतका असतो की बारीक चिरेतून आलेली धार कातडीत घुसते. पुठ्ठा धरायचा. तरीही कुणाला लागलं, तर जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी लगेच दवाखान्यात न्यायचं.

३. अंदाजपत्रक एका ओळीचं घ्यायचं नाही. जोडाप्रमाणे, सामान वेगळं, मजुरी वेगळी. काढलेले जुने भाग परत मागायचे आणि पुढच्या सभेत मांडायचे.

४. ग्रीस रोज, काम सुरू होण्याआधी. जोडातून जुनं मातकट ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. आणि त्याची नोंद.

नोंदीसाठी वहीत नवा रकाना मी आखून आणलाय. ज्या गावात मशीन जाईल, तिथल्या ग्रामसंघाच्या ताईने सकाळी जोड बघायचे आणि तिथे सही करायची. सही नाही, तर मशीन चालू करायचं नाही.

आता ठराव तुमच्यासमोर ठेवते: ६२ हजारांची दुरुस्ती करावी, ती रक्कम औजार बँकेच्या भाड्यातून फेडावी, आणि हप्ता चुकू देऊ नये. किती महिन्यांत फिटेल ते कोषाध्यक्षताई आकड्यांनी सांगतील. पटलं नाही तर स्पष्ट विरोध करा. मागच्या वेळी मी म्हटलं म्हणून सगळ्यांनी मान डोलावली, आणि मशीन भंगारात जाता जाता राहिलं.

तो व्हर्नियर आजोबांनी परत घेतला नाही. तो औजार बँकेच्या कपाटात ठेवलाय. ज्या ताईंना मोजायला शिकायचंय, त्यांनी सभेनंतर थांबा. गोणपाटातली ती पिन इथेच आहे.