पाणी कुठे थांबवायचे?

2 जुलै 2011 रोजी कोपनहेगनमध्ये दोन-तीन तासांत सुमारे दीडशे मिलिमीटर पाऊस कोसळला. 26 जुलै 2005 ला मुंबईच्या सांताक्रूझने चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाहिलेला. मुंबईकराला दीडशेचे काय मोठेसे! पण त्या एका संध्याकाळी डेन्मार्कच्या राजधानीचे सुमारे सहा अब्ज क्रोनरचे नुकसान झाले, आणि पुढच्याच वर्षी शहराने ढगफुटीचा आराखडा तयार केला. त्यात बागा आहेत, बोगदे आहेत. पण खरा निर्णय वेगळाच होता. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसातही रस्त्यावर दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी चढू द्यायचे नाही, असे ठरले. म्हणजेच दहा सेंटिमीटरपर्यंत चालेल, हे एका महानगरपालिकेने उघडपणे मान्य केले! गटारे किती म्हणून रुंद करणार? त्यापेक्षा पाणी कुठे थांबवायचे ते आधीच ठरवावे, आणि तेच स्वस्त पडते, असा हा हिशेब होता. एंगहावे पार्क या जुन्या बागेत आता 22 हजार घनमीटरांहून अधिक पाणी मावते.

2015 मध्ये न्यूयॉर्कने पावसाच्या पाण्याच्या नियोजनासाठी कोपनहेगनशी सहकार्याचा करार केला. अशा करारांवर नेहमीचा आक्षेप असतो, की तिकडचा पाऊस वेगळा, जमीन वेगळी, आणि शेवटी हाती लागतात ते अधिकाऱ्यांचे दौरे. आक्षेप अगदीच पोकळ नाही. सप्टेंबर 2021 मध्ये आयडा वादळाच्या वेळी सेंट्रल पार्कात तासाभरात 80 मिलिमीटर पाऊस पडला. तिथली गटारे तासाला साधारण 44 मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेली. या सहकार्यातून क्वीन्समधल्या साउथ जमैका वसाहतीत पाणी साठवणारे बास्केटबॉलचे मैदान करायचे ठरले होते, तेही तोवर कागदावरच होते. शहरात 13 माणसे गेली. त्यांतली 11 तळघरांतल्या बिऱ्हाडांत राहणारी होती, आणि अशी कितीतरी बिऱ्हाडे बेकायदा, सरकारदरबारी नोंदच नसलेली.

माझ्या मते अशा सहकार्याची गरज इथेच दिसते. कोपनहेगनचे नुकसान मोजता आले ते मुख्यतः विम्याच्या दाव्यांमुळे. ती पद्धत चोख आहे, पण जे नोंदलेले आहे तेवढेच तिला दिसते. मुंबईत मिठी नदीकाठच्या क्रांतीनगरात घरात पाणी शिरले, की भिजलेले धान्य आणि बुडालेली मजुरी कोणत्या दाव्यात येणार? खर्च-फायद्याचे डॅनिश गणित जसेच्या तसे उचलले, तर जिथे मालमत्ता महाग तिथे आधी काम निघेल आणि झोपडपट्टी यादीत तळाला जाईल. मुंबईच्या अभ्यासकांनी परदेशी भागीदारांसमोर मांडायला हवी ती हीच अडचण. ती केवळ आपली नाही. क्वीन्सच्या तळघरांनाही ती लागू पडते. तेव्हा उद्या मुंबईचा एखाद्या परदेशी शहराशी असा संयुक्त प्रकल्प आखला गेला, तर त्याच्या अंदाजपत्रकात संगणकावरच्या नकाशांआधी चार पावसाळे घरोघर फिरून नुकसान लिहून घेणाऱ्या माणसांच्या पगाराची तरतूद असावी, आणि ती नोंद दोन्ही शहरांना खुली असावी.