खाचेत बसले म्हणजे जुळले का?



वसंतातल्या या ज्ञानसत्रात आपण दरवर्षी थोर विषय ऐकता. कुणी तत्त्वज्ञानावर बोलतो, कुणी राज्यघटनेवर, कुणी शेतीमालाच्या भावावर. त्या पंगतीत मी संगणकाच्या दोन सुट्या भागांचा विषय घेऊन बसलो आहे, हे पाहून काही मंडळींनी आताच घड्याळाकडे पाहिले. त्यांची तक्रार रास्त आहे. पण हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. माझ्या हातून घडलेल्या एका चुकीने तो माझ्या गळ्यात घातला आहे, आणि चूक चारचौघांत सांगितल्याने तिचा उपयोग वाढतो, असे माझे मत आहे.

गोष्ट २०१८ सालातली. आमच्या वाड्याच्या दर्शनी भागात एक शिंपी राहतात. त्यांचा मुलगा अभियांत्रिकीला गेला. त्याला संगणक हवा होता, पण तयार संगणकाची किंमत घराला झेपणारी नव्हती. तेव्हा सुटे भाग आणून घरीच जोडायचे ठरले. मी पडलो निवृत्त मास्तर, आणि विजेच्या चार गोष्टी जाणणारा म्हणून गल्लीत माझा लौकिक. मुलगा मला विचारायला आला. त्याने इंटेलचा आठव्या पिढीचा आय-फाइव्ह ८४०० हा नवा प्रोसेसर पसंत केला होता, आणि एकाकडून एच-११० चिपसेटचा जुना मदरबोर्ड स्वस्तात मिळत होता. त्याने विचारले, "काका, हे दोन्ही जुळतील ना?" मी दोन्हींची माहिती वाचली. प्रोसेसरवर लिहिले होते एलजीए ११५१. बोर्डावरही एलजीए ११५१. मी म्हणालो, "आकडा सारखा आहे ना? मग घेऊन टाक."

त्याने घेतले. प्रोसेसर खाचेत अगदी सुरेख बसला. कड्या लागल्या, पंखा फिरला. पडदा मात्र काळाच राहिला. आम्ही दोन दिवस तारा काढल्या आणि लावल्या, मेमरीच्या पट्ट्या पुसल्या, पडद्याची वायर बदलून पाहिली. पडद्याला काही पाझर फुटला नाही. प्रोसेसरचे खोके फोडलेले, म्हणून तो परत जाईना. बोर्ड जुना, म्हणून त्याला हमी नाही. दिवाळीच्या कपड्यांवर रात्री जागून मिळवलेले ते पैसे होते. आणि सल्ला माझा होता.

आता यात चुकले काय, ते पाहू. एलजीए ११५१ यातला आकडा म्हणजे त्या सॉकेटमधल्या बारीक स्प्रिंगवजा पायांची संख्या. २०१५ साली सहाव्या पिढीबरोबर हे सॉकेट आले, सातवी पिढीही त्यातच बसली. त्यांच्यासाठी शंभर आणि दोनशे मालिकेचे चिपसेट होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये आठवी पिढी आली. पाय तेवढेच, आकार तोच, खाचाही त्याच. पण पूर्वी राखून ठेवलेल्या काही पायांना आता वीज वाहण्याचे काम दिले होते, आणि कंपनीने या पिढीला तीनशे मालिकेच्या चिपसेटचाच बोर्ड लागेल असे ठरवले होते. एकाच चाळीत दोन जोशी राहतात म्हणून एकाचे पत्र दुसऱ्याला चालत नाही. आडनाव पाहून पोस्टमन फसावा, तसा मी फसलो.

पुढे काही खटपटी मंडळींनी बोर्डातली आज्ञावली बदलून आणि पायांवर कारागिरी करून जुन्या बोर्डांवर हेच प्रोसेसर चालवून दाखवले. त्यामुळे ही अडचण कितपत विजेची आणि कितपत व्यापाराची, हा वाद उरलाच. पण ज्याला उद्या सकाळी अभ्यासाला बसायचे आहे, त्याने वादावर पैसे लावू नयेत.

तेव्हा सॉकेट ही पहिली पायरी, आणि चिपसेट ही दुसरी. तिसरी पायरी याहून सूक्ष्म आहे, आणि बहुतेक लोक तिथेच ठेचाळतात. बोर्डावर एका लहानशा चिपमध्ये बायॉस नावाची आज्ञावली असते. वीज येताच ती जागी होते आणि 'खाचेत बसलेले पाहुणे कोण?' हे ओळखते. पाहुणा तिच्या वहीत नसेल, तर ती दार उघडत नाही. एएमडी कंपनीचे एएम-४ हे सॉकेट पाहा. २०१७ मध्ये पहिले रायझन त्यात बसले, आणि २०२० च्या नोव्हेंबरात आलेले ५००० मालिकेचे रायझनही त्यातच. सॉकेट एक, पण जुन्या बोर्डाची वही नवी केल्याशिवाय नवा प्रोसेसर चालत नाही. आता गंमत अशी, की वही नवी करायला संगणक सुरू व्हावा लागतो, आणि संगणक सुरू व्हायला वही नवी असावी लागते. तिजोरीची किल्ली तिजोरीतच! २०१८ साली ही अडचण इतकी वाढली, की अडलेल्या गिऱ्हाइकाला एएमडी कामापुरता एक जुना प्रोसेसर उसना पाठवी. आता पुष्कळ बोर्डांवर यासाठी एक वेगळे बटण असते. प्रोसेसर नसतानाही नुसती वीज आणि पेनड्राइव्ह लावून बायॉस बदलता येते. बोर्ड घेताना हे बटण आहे का, एवढे जरूर विचारावे.

याच सॉकेटची आणखी एक हकीकत सांगण्यासारखी आहे. २०२० च्या मे महिन्यात एएमडीने जाहीर केले, की येणारे नवे प्रोसेसर चारशे मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहीत. कारण दिले ते हे, की बायॉसच्या चिपमध्ये इतक्या प्रोसेसरांची माहिती मावत नाही. कारण अगदीच खोटे नव्हते; पुष्कळ बोर्डांवर ती चिप १६ मेगाबाइटचीच होती. पण पुढेही चालेल या भरवशावर बोर्ड घेतलेल्या लोकांनी जगभर एवढा गलका केला, की काही दिवसांतच कंपनीने शब्द फिरवला. २०२२ मध्ये तर त्याहून जुन्या तीनशे मालिकेलाही परवानगी मिळाली. यातून मी दोन गोष्टी शिकलो. 'जुळत नाही' हा शब्द दर वेळी ब्रह्मवाक्य नसतो. आणि गिऱ्हाईक बोलले, तर चांगला बोर्ड भंगारात जायचा वाचतो.

बाकीच्या पायऱ्या थोडक्यात सांगतो. वीज किती लागते, ते पाहावे. एका प्रोसेसरवर ६५ वॅट लिहिलेले असते, दुसऱ्यावर १०५. आणि भर कामात तो लिहिल्यापेक्षा जास्तही ओढतो. साध्या बोर्डाची वीज पुरवणारी यंत्रणा एवढा भार सोसताना तापते, आणि मग प्रोसेसर आपला वेग आवरतो. मेमरीची पट्टीही तपासावी. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ दोन्ही पट्ट्यांना २८८ जोड असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे काही बोर्ड एक पट्टी घेतात, काही दुसरी. एएम-५ चे बोर्ड मात्र डीडीआर-५ च घेतात. आणि इंटेलच्या प्रोसेसरच्या नावापुढे 'एफ' असेल, तर त्यात चित्र दाखवण्याची सोय नसते. वेगळे कार्ड न लावल्यास पडदा काळाच राहील, आणि आपण मात्र बोर्डाला शिव्या देत बसू.

एवढे सगळे पाठ कोण करणार, असे आपण म्हणाल. पाठ करायचे काहीच नाही. बोर्ड बनवणारी कंपनी प्रत्येक बोर्डासाठी चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी आपल्या संकेतस्थळावर देते. प्रोसेसरच्या नावासमोर बायॉसची कितवी आवृत्ती लागेल, तेही लिहिलेले असते. फक्त बोर्डाचे नाव शेवटच्या अक्षरापर्यंत आणि आवृत्तीच्या अंकापर्यंत जुळवून पाहावे. नाव यादीत असेल तर पैसे द्यावेत. नसेल तर दुकानदाराने, मित्राने किंवा माझ्यासारख्या मास्तराने कितीही छातीठोक सांगितले तरी पाकीट उघडू नये. माझे सगळे व्याख्यान त्या यादीत मावते.

मी त्या शिंप्यांकडे गेलो आणि नव्या बोर्डाचे निम्मे पैसे मी देतो, असे म्हणालो. त्यांनी मशीनवरून मान वर केली. म्हणाले, "मास्तर, पैशाचं राहू द्या. पण मी साधी बॉबिन आणायला जातो ना, तरी जुनी खिशात घालून नेतो. सारखी दिसणारी बॉबिन मशीनमध्ये बसते हो, पण दोरा तोडते. तुम्ही एवढे शिकलेले, तुम्ही नुसता आकडा कसा पाहिलात?" यावर मला उत्तर नव्हते, आजही नाही. मुलगा मात्र मला म्हणाला, "काका, ती यादी कुठे असते ते दाखवा. पुढच्या वेळी मीच बघेन." त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी ती यादी प्रथमच उघडली. आय-फाइव्ह ८४०० चे नाव त्या जुन्या बोर्डाच्या यादीत नव्हते. पाच मिनिटांचे काम होते. ते मी केले असते, तर त्या घराचे पैसे वाचले असते.

जाणकार म्हणवून घेणाऱ्याने सल्ला देण्यापूर्वी यादी उघडावी, आणि सल्ला घेणाऱ्याने ती दाखवा असे न लाजता म्हणावे, एवढेच मला आज सांगायचे होते.