दळायला कसली मजुरी?

आम्ही देवनारहून बोलतोय, मुंबईच्या पूर्व उपनगरातून. देवनार म्हटलं की लोकांना १९२७ पासूनचं डम्पिंग आठवतं, नाहीतर १९७१ सालचा कत्तलखाना. आज आम्ही त्यातलं काही सांगणार नाही. आज बोलायचंय ते पिठाबद्दल.

गेल्या वर्षी आमच्या बचत गटाने कर्ज काढून पिठाची चक्की टाकली. मुंबईत गिरणी म्हटलं की जुनी माणसं अजून कापडाची गिरणी समजतात, म्हणून आमच्याकडे चक्की म्हणतात. तुमच्याकडे गिरणीच म्हणत असाल. चक्कीवर उभं राहायला गटातलीच एक ताई तयार झाली. पहिल्या महिन्याचा हिशेब मांडला. कर्जाचा हप्ता, वीजबिल, गाळ्याचं भाडं. मग ताईची मजुरी लिहायला घेतली, तर एक जण म्हणाली, "दळायला कसली मजुरी? बटण दाबायचं आणि बसायचं." बऱ्याच जणींनी मान डोलावली. खरं सांगायचं तर आमच्यातल्याही काहींना ते पटलं होतं. ताई काहीच बोलली नाही.

हे वाक्य इतक्या सहज बायकांच्याच तोंडून कसं आलं, याचा विचार करत आम्ही गटातल्या आजींना विचारायला बसलो, की तुमच्या गावी कोण दळायचं?

सगळ्यात मोठी आजी जालन्याकडची, १९७२ च्या दुष्काळानंतर मुंबईत आलेली. ती म्हणाली, "कोण म्हणजे? घरात सून असती ना!" तिच्या घरी खाणारी अकरा तोंडं होती. तांबडं फुटायच्या आधी उठायचं, जात्यापुढे एक पाय पसरून बसायचं, डाव्या हाताने मूठमूठ वैरण घालायची आणि उजव्या हाताने खुंटा ओढायचा. थोरल्या जाऊबाई असल्या तर दोघी समोरासमोर. तासाभरात हात भरून यायचा. तळहाताला घट्टे पडलेले. बाळंतपणाचे दिवस भरत आले तरी दळण चुकायचं नाही. पीठ जाड पडायला लागलं की जात्याला टाकी लावून घ्यायची. आणि हे सगळं उरकलं की मग दिवसाचं काम सुरू व्हायचं, कारण दळण हे कामात धरलेलंच नव्हतं.

आता एक गंमत बघा. परदेशात वाऱ्यावर चालणाऱ्या चक्क्या होत्या. हॉलंडच्या पवनचक्क्यांची चित्रं आपण कॅलेंडरवर बघितली आहेत. इराणच्या पूर्व भागात, नश्तिफान नावाच्या गावात, मातीच्या उंच भिंतींमध्ये लाकडी पाती उभी करून वाऱ्यावर धान्य दळायचे. युरोपात चक्कीवाला हा गावातला कारागीर. बाप मुलाला धंदा शिकवायचा, दळणातला वाटा घ्यायचा. इंग्रजीत तर मिलर हे आडनावच आहे, म्हणजे चक्कीवाला. आपल्याकडे सुतार आहेत, कुंभार आहेत, लोहार आहेत, तेली आहेत. दळणारे आडनावाचं कोणी तुम्हाला भेटलंय का? आम्हाला तरी नाही.

आपल्या लोकांना यंत्र जमत नव्हतं असं म्हणाल तर तसंही नाही. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की बघा. आमच्या गटाची सहल तिथे गेली होती. बाबा शाह मुसाफिर या सूफी संतांच्या दर्ग्याच्या आवारात, अठराव्या शतकातलं हे काम आहे. शहराच्या उत्तरेच्या डोंगरातून मातीच्या नळांनी, जमिनीखालून पाणी आणलंय. ते उंचावरून पडतं, त्याने चाक फिरतं आणि चाकाबरोबर वरचा दगड फिरतो. दर्ग्यात राहणाऱ्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी तिथे धान्य दळलं जायचं. आमच्यातल्या एकीने तिथे उभ्या उभ्या विचारलं, "हे इथं जमलं, मग गावोगाव का नाही केलं?"

आमचं उत्तर असं आहे, पटतंय का बघा. दर्ग्यात दळायला सून नव्हती. गावात प्रत्येक घरात होती, आणि ती फुकट होती. शिवाय आपल्याकडचं वारं आणि पाणी दोन्ही बारमाही सारखं नाही, हेही कारण असणार. पण जे काम फुकटात होतंय, त्यासाठी कोण चाक बसवणार आणि कोण नळ घालणार?

याहून मोठी गोष्ट म्हणजे, हेच दळण तुरुंगात शिक्षा होती. इंग्रजांच्या काळात सक्तमजुरीच्या कैद्याला जात्यावर बसवायचे. पुरुषाने गुन्हा केला की त्याला जे काम मिळायचं, ते बाईला लग्न केलं की मिळायचं. आजींना हे सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की एकीला ठसकाच लागला.

जनाबाईची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्याबरोबर दळायला साक्षात विठ्ठल आला म्हणतात. देव आला, पण घरातला एकही बाप्या उठून खुंट्याला हात लावायला आल्याची गोष्ट काही आपण ऐकलेली नाही.

एवढ्या कष्टात बायकांनी ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगाव फिरून त्या जमवल्या. हजाराहून अधिक गावं आणि लाखाहून जास्त ओव्या. पुढे त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर आल्या, मोबाइलवरही ऐकता येतात. आम्हाला त्यात आवडलं ते हे, की ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहून ठेवलंय. दळणाऱ्या बाईचं नाव कुठेतरी कागदावर आलं.

मग गावात इंजिनाची गिरणी आली. तिचा पुक्-पुक् आवाज शिवाराच्या टोकापर्यंत जायचा. सुनांची पहाट सुटली, हे फार मोठं झालं, जात्याचे दिवस परत यावेत असं आमच्या एकाही आजीला वाटत नाही. पण गिरणीवर बसला पुरुष, आणि त्या दिवसापासून दळणाला भाव आला! शेरामागे पैसे मोजून द्यायला लागले, उधारी चालेना. दुसरीकडे, दळण-कांडण करून पोरं वाढवणाऱ्या विधवा बाया गावोगाव होत्या, त्यांना मूठपसा धान्य मिळायचं. गिरणी आली आणि त्यांचं तेवढंही गेलं. त्याबद्दल कुणी बोलत नाही.

वाऱ्याचं म्हणाल तर तोही शेवटी कामाला लागला. साताऱ्याजवळ चाळकेवाडी, वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. त्या धान्य दळत नाहीत, वीज करतात. पण तीच वीज तारेतून येऊन कुठल्यातरी गावातली गिरणी फिरवत असेलच की.

हे सगळं पुढच्या बैठकीत आम्ही मांडलं. मग ताईचं काम एकेक करून लिहून काढलं. सकाळी सातला शटर उघडणं. डबे वजन करून चिठ्ठी लावणं. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी असा नंबर लावणं, नाहीतर भाकरीच्या पिठात बेसन जातं आणि भांडण आपल्या दारात येतं. रेशनच्या गव्हात खडा राहिलाय का बघणं. पीठ हाताला गरम लागलं की दगड सैल करणं. पट्ट्यावर जाळी नीट बसलीय का बघणं. पहिल्या आठवड्यात तिची ओढणी पट्ट्याकडे ओढली गेली होती, शेजारच्या पोराने बटण बंद केलं म्हणून निभावलं. दिवसभर नाकातोंडात पीठ जातं ते वेगळंच. यादी दीड पान झाली. "बटण दाबायचं" म्हणणारी मैत्रीण तीन दिवस चक्कीवर उभी राहिली. चौथ्या दिवशी म्हणाली, "लिहा मजुरी."

आता किलोमागे सात रुपयांतले दोन रुपये ताईचे, आणि ते हप्त्याच्याही आधी बाजूला काढायचे. तुमचा गट गिरणी घेणार असेल तर आमचं एवढं ऐका, अर्ज भरायच्या आधी मजुरीचा आकडा ठरवा. मागाहून तो आकडा घालायला जागाच उरत नाही. आणि पट्ट्याची जाळी पहिल्याच दिवशी बसवून घ्या.

एक गोष्ट मात्र अजून मिटलेली नाही. दगडाला टाकी लावायला आम्ही कारागीर बोलवायचो, तो दर खेपेला पैसे घ्यायचा. ताईने बघून बघून ते शिकून घेतलं. आता ती स्वतः छिन्नी घेऊन बसते, दुपार जाते. वाचलेले पैसे गटाचे की ताईचे? काही जणी म्हणतात, ती तिथेच तर बसलेली असते. सोमवारच्या बैठकीत तो विषय पहिला घेतलाय, आणि या खेपेला ताई स्वतः बोलणार आहे.