मोटारीचें कुलूप

चैत्री पौर्णिमेस डहाणू तालुक्यांतील विवळवेढें येथें महालक्ष्मीची यात्रा सुरू होते, तेव्हां मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून येणाऱ्या मोटारींच्या तेथें रांगा लागतात. मंडळी खालीं उतरतात. मालक चालतां चालतांच, मागें वळून न पाहतां, किल्लीवरील कळ दाबतो आणि दारें बंद झालीं असें समजून गर्दींत मिसळतो. नव्या कुलपाची सारी सोय या विश्वासांत आहे, आणि त्याचा धोकाही त्यांतच आहे.

दूरून उघडणारें कुलूप १९८२ सालीं रेनो कंपनीच्या फुएगो मोटारीस बसविण्यांत आलें. तें अवरक्त किरणांवर चाले. आतां हें काम रेडिओच्या लहरी करतात. किल्लीनें पाठविलेला सांकेतिक अंक दर खेपेस बदलतो. त्यामुळें चोरानें टिपून ठेवलेला जुना अंक सहसा उपयोगी पडत नाहीं. याहूनही मोलाची योजना म्हणजे इम्मोबिलायझर. किल्लींतील चिपनें आपली ओळख पटविल्याखेरीज इंजिन चालूच होत नाहीं; दार फोडून आंत शिरलेला चोर तेथेंच अडतो. भोंगा मात्र नुसता ओरडणारा रखवालदार होय. जरा धक्का लागतांच तो वारंवार ओरडूं लागला, तर शेजारीपाजारी त्याकडे लक्ष देईनासे होतात.

परंतु जेथें लहरी आहेत, तेथें त्यांत अडथळा आणणारेंही कोणी असूं शकतें. मालक कळ दाबतो त्याच क्षणीं चोर दुसऱ्या यंत्रानें गोंगाट उत्पन्न करतो. किल्लीचा निरोप गाडीपर्यंत पोंचतच नाहीं, दारें उघडींच राहतात, आणि आंतील पिशव्या व दागिने सहज हातीं लागतात. ज्या किल्ल्या खिशांतून न काढतां दार उघडतें, त्यांची कथा निराळी. एक चोर घराच्या दाराशीं व दुसरा गाडीजवळ उभा राहून किल्ली व गाडी यांचें संभाषण लांबवर पोंचवितात. किल्ली जवळच आहे असें समजून गाडी फसते. २०११ सालीं झुरिक येथील संशोधकांनीं आठ कारखान्यांच्या दहा मोटारींवर हें सिद्ध करून दाखविलें. उपाय मात्र साधा आहे : किल्ली दारापासून दूर, घट्ट झांकणाच्या धातूच्या डब्यांत ठेवावी, व तेवढ्यानें गाडी उघडत नाहीं ना, याची एकदां परीक्षा घ्यावी.

तलासरी तालुक्यांत सावधगिरीस आणखी एक कारण आहे. याच महामार्गावर अच्छाड ओलांडलें कीं गुजरातची हद्द लागते. चोरी तासाभरानें ध्यानांत आली, तर गाडी तोंवर परराज्यांत गेलेली असावयाची. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दींत घडला, तरी जवळच्या ठाण्यावर फिर्याद देतां येते. म्हणून हद्द कोणाची या विचारांत न पडतां ११२ या क्रमांकावर तात्काळ कळविणें श्रेयस्कर. विमा कंपनी पुढें सर्व किल्ल्या मागते. यास्तव दुसरी किल्ली गाडींत न ठेवतां घरींच जपून ठेवावी.

कळ दाबल्यावर दाराची मूठ एकदां हातानें ओढून पाहावी. या कामास क्षणभरही लागत नाहीं, आणि कोणतेंही यंत्र तें मालकाच्या वतीनें करीत नाहीं.